दर तीन महिन्यांनी एक

तानाजीच्या छापखान्यातल्या टेबलावर त्या दिवशी एवढ्या वस्तू होत्या: दोनशे पानी रजिस्टर एक, त्यातली अठ्ठ्याऐंशी पानं भरलेली. ‘बारव’च्या पहिल्या पुस्तकाच्या शिल्लक प्रती छत्तीस, सहा-सहाच्या थप्प्या करून सुतळीने बांधलेल्या. चुन्याच्या रिकाम्या डबीत अर्धे फोडलेले चिंचोके पाच. चहाचे कप तीन, त्यातला एक न प्यालेला. माणसंही तीनच. छापखान्याचा मालक तानाजी, पुस्तक लिहिणारा नवनाथ आणि मोजणारी रोहिणी. न प्यालेला चहा नवनाथचा होता.

रोहिणी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली होती आणि माजलगावच्या एका कॉलेजात तासिकेवर प्रॅक्टिकल घ्यायची. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. चिंचोक्यांचं पांढरं अंग वर पडण्याचं प्रमाण किती, हे पाहायला तिने ते पाच चिंचोके एका सुट्टीत दोनशे वेळा टाकले होते. हजारात पाचशे एकवीस वेळा पांढरं. “म्हणजे खेळ जवळजवळ सरळ आहे,” असं तिने नवनाथला सांगितलं, तेव्हा तो खूश झाला होता. आपला खेळ सरळ आहे हे त्याला माहीत होतं, पण त्याचा आकडा आहे हे माहीत नव्हतं.

नवनाथ तलवाड्याचा. बारावीनंतर दोन वर्षं त्याने पुण्यात एका होस्टेलच्या मेसमध्ये ताटं वाढली. तिथली पोरं रविवारी टेबलाभोवती बसून एक इंग्रजी खेळ खेळत. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापल्या सोंगाने काय केलं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. नवनाथने भाकरीची टोपली हातात धरून हे दोन वर्षं पाहिलं. गावी परत आल्यावर त्याने ‘बारव’ हा आपला खेळ लिहिला. पाणी हरवलेला एक मुलूख, त्यात पायऱ्यांच्या अकरा बारवा, प्रत्येक बारवेचा एक राखणदार. एक बारव म्हणजे एक मुक्काम, एक मुक्काम म्हणजे एक बैठक. फाशांच्या जागी चिंचोके, कारण ते सगळ्यांच्या घरी असतात. पाचशे प्रती तानाजीने हौसेने छापल्या. पहिल्या महिन्यातच चार गट तयार झाले; पुस्तक संपलं की सोंगं बदलून तेच पुन्हा खेळत. दोन तलवाड्याला, एक पालीला, एक माजलगावात.

आणि आता प्रश्न पुढच्या पुस्तकांचा होता. ती किती दिवसांनी काढायची?

“लोकांच्या डोळ्यासमोर राहावं लागतंय,” तानाजी म्हणाला. “तीन महिने काही नवं दिसलं न्हाई की खेळ मेला असं धरतात. पुण्याहून, नाशकाहून फोन येतात मला. दुसरं कधी, तिसरं कधी? माझं तर म्हणणं हाय, दर दोन महिन्याला एक काढू. छोटं का होईना.”

“वर्षाला एक,” नवनाथ म्हणाला.

“काय?”

“वर्षाला एक काढावं, असं मला वाटतंय. आपली माणसं आली की एक. मग पुढल्या साली माणसं आली की पुढलं.”

“कशावरून, नवनाथभाऊ?” रोहिणीने विचारलं. तिने पेन उघडलं होतं.

नवनाथने चहाच्या कपाकडे पाहिलं. “कशावरून म्हंजी... तसं वाटतंय आपलं.”

“वाटतंय!” तानाजी हसला. “अरे, ह्या पोरीनं सालभर चारी गटांची हजेरी लिवलीया. तिला विचार की. तुझं वाटणं ठेव खिशात.”

रोहिणीने पेन परत बंद केलं, कारण लिहिण्यासारखं काही सांगितलं गेलं नव्हतं. मग रजिस्टर उघडून तिने जूनपासून मेपर्यंतच्या बैठका वाचून दाखवल्या. तलवाड्याचा पहिला गट त्रेचाळीस, दुसरा पंचेचाळीस, पाली चव्वेचाळीस, माजलगाव चव्वेचाळीस. चार गट, चार आकडे, आणि फरक जास्तीत जास्त दोनचा. प्रॅक्टिकलच्या वहीत एवढी जुळणारी निरीक्षणं आली की ती पोरांवर संशय घ्यायची. इथे मात्र तिला आनंद झाला. एकूण एकशे शहात्तर, सरासरी चव्वेचाळीस. एका पुस्तकात अकरा मुक्काम. चव्वेचाळीस भागिले अकरा.

“चार,” ती म्हणाली. “वर्षाला चार पुस्तकं गट खेळून संपवू शकतात. जास्त काढली तर साचतील, कमी काढली तर लोक रिकामे बसतील. दर तीन महिन्यांनी एक.”

तानाजीने टेबलावर थाप मारली. “बघ! दिवाळी, संक्रांत, पाडवा, आखाड. झालं पक्कं. जमंल ना बे?”

नवनाथने गार चहाचा कप बोटाने फिरवला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. ते हसू आहे हे रोहिणीला उशिरा कळलं.

“चार पुस्तकं,” तो म्हणाला. “चार म्हंजी लई झाली की. जमवतो.”

दिवाळीचं पुस्तक अवघड गेलं नाही. ते नवनाथच्या वहीत जवळजवळ लिहून तयार होतं. ते छापून आलं त्याच आठवड्यात नवनाथ आणि त्याची बायको राजश्री बैलगाडी घेऊन ऊसतोडीला गेले, पश्चिमेकडे, दरवर्षी जातात तसे. गावातली निम्मी घरं कुलपात गेली. हे इतकं नेहमीचं होतं की रोहिणीने त्याची कुठे नोंद केली नाही.

तिसरं पुस्तक फोनवर येऊ लागलं. नवनाथ वहीच्या पानांचे फोटो पाठवायचा आणि रोहिणी ते टाइप करायची. तो चांगलं लिहायचा. एका बारवेच्या तळाशी आवाज साठवून ठेवणारी म्हातारी होती. जो कुणी पाणी मागेल त्याने आधी आपला आवाज तिच्याकडे ठेवायचा, अशी तिची अट. टाइप करताना रोहिणी दोनदा थांबली होती. दुसऱ्या एका बारवेला कठडाच नव्हता, आणि तिथे सोंगाला फक्त एक प्रश्न विचारायचा होता: परत जाताना वाट कुणाला विचारशील?

फोटोंत पानाच्या कडेला कधी उसाचं पाचट दिसायचं, कधी दोरीचा पीळ, कधी बैलाचं शेपूट. रोहिणीने सवयीने पानावरच्या ओळी मोजल्या. नोव्हेंबरात एका पानावर बावीस ओळी होत्या, डिसेंबरात एकोणीस, जानेवारीत पंधरा. आकडे तिने रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि मग स्वतःच उत्तर शोधलं. आपल्याला टाइप करायला सोपं जावं म्हणून भाऊ अक्षर मोठं काढताहेत. तिने त्याला निरोप पाठवला: अक्षर मोठं केलंत, वाचायला सोपं जातं, धन्यवाद.

नवनाथने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

संक्रांतीला तिसरं पुस्तक निघालं. तानाजीने छापखान्याच्या दारावर फलक लावला. पाडव्याच्या चौथ्या पुस्तकाची दहा पानं आली, मग सात, मग तीन. अठरा फेब्रुवारीला दुपारी तानाजीचा फोन आला तेव्हा रोहिणी प्रयोगशाळेत लंबक लावत होती.

“नवनाथचा हात गेला,” तानाजी म्हणाला. “डावा. कोयता बसलाय.”

एप्रिलच्या मध्यात माणसं परत आली आणि रोहिणी तलवाड्याला गेली. नवनाथ महिनाभर आधीच परतला होता. राजश्री हंगाम पुरा करून आली होती. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचं छप्पर. नवनाथ बाजेवर बसला होता आणि डावा हात मांडीवर टॉवेलखाली होता. त्याने उजव्या हाताने तिला खुर्ची सरकवली. मग टॉवेल काढला, कारण ती बघणारच हे त्याला माहीत होतं. अंगठा मुळापासून गेला होता, शेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंत. उरलेली तीन बोटं अर्धवट वळत होती.

राजश्री आतून आली. उन्हाने रापलेली, बांध्याने लहान, पण आवाज मोठा.

“तुमीच का त्या मोजणाऱ्या?”

“हो. रोहिणी.”

“मंग हे मोजलंय का कधी? माणूस पहाटं उठून फडात जातो, दिवसभर तोडतो, मोळ्या बांधतो, डोक्यावर वाहून गाडी भरतो. मंग गाडी हाणीत कारखान्याला. तिथं गाड्यांची रांग. नंबर येईस्तोवर दोन-तीन घंटे. तेवढंच डोळा लावायला असतंय ताई. सगळा कारखाना तवा गाडीखाली घोरतो. ह्यांनी ते घंटे तुमच्या पुस्तकाला दिले. हलत्या गाडीत लिवलं, रांगेत लिवलं. मी म्हणलं, झोपा. तर म्हणले, मॅडमनी हिशेब करून दिलाय, तीन महिन्याला एक.”

“राजे, बास,” नवनाथ म्हणाला.

“बास कावून? त्या दिवशी डाव्या हातात ऊस धरलेला, उजव्यात कोयता, अन् डोळे मिटलेले. मी शेजारच्या सरीत होते. मी बघितले, मिटलेले डोळे. हाक मारूस्तोवर हात खाली आलाता.”

रोहिणीला मागच्या पानावरचे आकडे आठवले. बावीस, एकोणीस, पंधरा. हलत्या गाडीत बारीक अक्षर येत नाही, हे कळायला एम.एस्सी. लागत नाही.

रजिस्टर तिच्या पिशवीत होतं. तिने ते काढलं, कारण दुसरं काय करावं हे तिला सुचलं नाही.

“नवनाथभाऊ, तुमचा गट आठवड्यातून किती वेळा बसतो?”

“दोनदा. घरी असल्यावर.”

घरी असल्यावर. तिने मागच्या वर्षाची पानं उलटली. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, मग थेट एप्रिलअखेर आणि मे. तलवाडा, तलवाडा, पाली, आठवड्यातून दोनदा, सणांचे आणि पेरणीचे सोडून बावीस आठवडे. बावीस दुणे चव्वेचाळीस. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत एकट्या माजलगावची नोंद होती. तिथे शिक्षक, बँकेतला कारकून, औषधाच्या दुकानातला माणूस असे लोक बसत. आठवड्यातून एकदा, सणासुदीच्या सुट्ट्या सोडून वर्षभर. तेही चव्वेचाळीस. दोन अगदी वेगळी वर्षं, आणि बेरीज तीच आली होती म्हणून तिने त्यांना एक वर्ष समजून बाराला चाराने भागलं होतं. ही रिकामी पानं तिने स्वतःच्या हाताने उलटून पुढची लिहिली होती. जन्मापासून ती याच जिल्ह्यात राहिली होती. दिवाळीनंतर गावं रिकामी होतात हे तिला इतकं पाठ होतं की ते तिला दिसलंच नाही. आणि लिहिणारा माणूस तर मोजणीत कुठेच नव्हता. तिने फक्त खेळणारे मोजले होते.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी बरोबर सांगितलं होतं. माणसं आली की एक. मी लिहूनच घेतलं नाही.”

“चूक कशाची मॅडम,” नवनाथ म्हणाला. “आकडा बराबर हाय की. अन् मलाबी बरं वाटलंतं. आपल्याकडून चार पुस्तकं पायजेत असं कुणी म्हणलं न्हवतं कधी.”

राजश्री उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

तेवढ्यात राधाकिशन मुकादम आला. तोडीला माणसं नेणारा तो. पांढरा शर्ट, खिशात डायरी, चप्पल उंबऱ्याबाहेर व्यवस्थित जोडून ठेवलेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे त्याच्या डायरीत एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा.

“काय नवनाथ, हात काय म्हणतोय?” तो बाजेच्या कडेला बसला. “मला पुढल्या सालाचं बघावं लागंल. पूर्ण कोयता लिवू का अर्धा? ह्या खेपंला शेवटचे दोन महिने राजश्रीनं अर्ध्यावर काढले. लई हाल झाले बघ तिचे. एकट्या बाईला कुणी गाडी भरू लागत न्हाई.”

“तोडतो तर मी उजव्यानं,” नवनाथ म्हणाला.

“तोडतो उजव्यानं, पण धरतो डाव्यानं. ऊस हातात ठरला न्हाई तर कोयता कुठं जाईल? पायावर. मी काय वैरी न्हाई तुझा. आखाडापर्यंत थांबतो. तोवर हात चालता कर. साखरामावशी धरती ना, साठीची म्हातारी? तिच्याइतका जरी ऊस धरलास, तरी पूर्ण कोयता लिवीन. आईशप्पथ.”

“साखरामावशीइतका म्हणजे किती?” रोहिणीने विचारलं.

मुकादमाने तिच्याकडे प्रथमच पाहिलं. “म्हंजी... तिच्याइतका.”

“मला मोजता येईल ते.”

“मोजा की,” आतून राजश्रीचा आवाज आला. “मोजायचं ते येळेवर मोजा ह्या वक्ताला.”

माजलगावला परत आल्यावर रोहिणी आधी छापखान्यात गेली. छत्तीस प्रतींच्या थप्प्यांशेजारी आता दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाच्या थप्प्या होत्या. तानाजी शाईने बरबटलेले हात रॉकेलने पुसत होता.

“आता तर चारच काढावी लागतील,” तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. “त्याला दुसरं काय राहिलं? उजवा हात शाबूत हाय. घरी बसून लिवील. मी छापीन. दर तीन महिन्याला नवं निघालं तर बाहेरगावचे लोक घेतात, हे मी बघितलंय.”

“घेतात. खेळत नाहीत.”

“म्हंजी?”

तिने माजलगावच्या गटाचं पान उघडलं. नोव्हेंबरात चार बैठका. डिसेंबरात चार. संक्रांतीला तिसरं पुस्तक आलं तेव्हा दुसऱ्याचे आठ मुक्काम झाले होते. दोघांना दुसरं पुरं करायचं होतं, तिघांनी तिसरं वाचून काढलं होतं आणि त्यांना पुढे जायचं होतं. जानेवारीत तीन बैठका. फेब्रुवारीत एक. मार्चमध्ये शून्य.

“बँकेतले कुलकर्णी मला म्हणाले, तिन्ही पुस्तकं घेतली आहेत, निवांत बसू कधीतरी. म्हातारीची बारव त्यांनी वाचली आहे, तिथे गेले नाहीत. एकदा वाचली की त्या बारवेत काय आहे ते कळतं, मग तिथे जायचं कशाला? काका, पुस्तक खेळून संपायच्या आत दुसरं आलं की गट फुटतो. ही एकाच गटाची नोंद आहे, खात्रीने सांगता येणार नाही. पण चार काढली तर दोन वर्षांत खेळायला कुणी उरेल असं मला वाटत नाही.”

“वाटत न्हाई,” तानाजी म्हणाला. त्यात टोमणा होता, पण तो अर्ध्यातच विझला. त्याने चिंधी टेबलावर टाकली. “अन् एकच काढलं तर? तर तो काय करणार, सांग बरं?”

“एक काढलं तर त्यांना तोडीला जावं लागेल. सहा महिने तिकडे, सहा महिने इथे लिहायचं. पूर्वीसारखं.”

“अन् हात न्हाई चालला तर?”

रोहिणीने साखराबाईइतका ऊस धरण्याची मुकादमाची अट सांगितली. दोघंही थप्प्यांकडे बघत उभे राहिले. तानाजीने वरच्या प्रतीवरची धूळ हाताने झटकली. प्रतीवर शाईची चार बोटं उमटली.

“मोज मंग हात,” तो म्हणाला. “त्यावर ठरवू. साखराबाईइतका आला तर सालाला एक. न्हाई आला तर चार, मंग गट राहो न्हाई तर जावो. कबूल?”

“कबूल,” रोहिणी म्हणाली.

मोजण्याची रीत तिने आठवडाभर विचार करून ठरवली. पन्नास किलोचा लटकता काटा तिने एका भंगारवाल्याकडून मागून आणला आणि प्रयोगशाळेतली वजनं लावून तपासला. एका जाडीचे, सोललेले, दोन-दोन फुटांचे उसाचे तुकडे. तुकड्याच्या टोकाला दोरी, दोरीत काट्याचा हूक. माणसाने ऊस मुठीत धरायचा आणि दुसऱ्याने काटा सावकाश ओढायचा. ज्या वजनाला ऊस मुठीतून निसटेल ते वजन लिहायचं. तीन वेळा, मध्ये थोडी विश्रांती, मग सरासरी.

मेमध्ये तिने तलवाड्याच्या नऊ तोडकऱ्यांचे डावे हात मोजले. त्यात राजश्रीही होती. सर्वांत जास्त एकतीस आले. राजश्रीचे बावीस. सर्वांत कमी साखराबाईचे. ती नवनाथच्या गटात खेळायची, तिचं सोंग तिसऱ्या बारवेच्या राखणदाराचं होतं, आणि तिने काटा ओढणाऱ्या आश्रुबाला, म्हणजे तिच्याच पुतण्याला, तिन्ही वेळा शिव्या दिल्या.

“वढ की बे, गळ्यात काय मंगळसूत्र हाय का माझ्या, तुटंल म्हणून जपतोय?”

साखराबाई तेरा किलो.

तेरा हा आकडा घरात सगळ्यांना पाठ झाला. नवनाथ चिंध्यांचा चेंडू करून दिवसभर दाबायचा. चौथं पुस्तक अर्ध्यावर थांबलं होतं, वही कोनाड्यात होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात राजश्रीने रोहिणीला स्वतःहून फोन केला.

“ताई, आज त्यांनी डाव्या हातानं बादली उचलली. भरलेली न्हाई, अर्धी. पण हौदापासून दारापर्यंत आणली.”

“बादलीची कडी बोटांत अडकते, वहिनी. ऊस सरळ असतो, तो अंगठ्याशिवाय...” रोहिणी थांबली. “छान झालं. चेंडू चालू ठेवा.”

“अंगठा न्हाई तर तळहातानं दाबून धरतात आता. मी दाखवलं तसं. तेरा येतील का?”

“मला माहीत नाही.”

“तुमाला माहीत न्हाई, हे बरं सांगितलं,” राजश्री म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “येईल त्यो आकडा खरा सांगा मातर. कमी आला म्हणून वाढवू नका. वाढवला तर मी ह्यांना फडात नेईन, अन् दुसरा हात जाईल.”

आषाढ लागल्यावर पहिल्या रविवारी सगळे नवनाथच्या दारात जमले. राधाकिशन मुकादम डायरी घेऊन आला होता. तानाजी माजलगावहून मोटारसायकलवर आला होता आणि कोपऱ्यात उभा होता. साखराबाई जोत्यावर बसली होती. आभाळ भरलेलं होतं, वारा नव्हता.

रोहिणीने आधी काटा शून्यावर आहे का ते पाहिलं. मग उजवा हात मोजला, रीत नवनाथच्या ध्यानात यावी म्हणून. अठ्ठावीस. मुकादमाने मान हलवली.

“वढणार कोण?” साखराबाईने विचारलं. “आश्रुबाला लावू नका, त्यो चुलत्याच्या लग्नात जेवल्यावाणी वढतो.”

“मी वढते,” राजश्री म्हणाली.

तिने पदर खोचला आणि काटा दोन्ही हातांत धरला. नवनाथने डाव्या हाताचा तळवा टॉवेलने कोरडा पुसला. तीन बोटं उसाभोवती वळवली, ऊस तळव्याच्या बुडाशी दाबला, कोपर बरगडीला टेकवलं. पाच वर्षं दोघांनी एकाच फडात ऊस तोडला होता. किती जोराने, केव्हा ओढायचं हे तिला सांगावं लागलं नाही. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो उसाकडे पाहत होता.

“धर रे लेका,” साखराबाई म्हणाली. “म्हातारीपुढं तरी लाज राख.”

“घट्ट धरा,” राजश्री हळू म्हणाली. “अजून. अजून.”

दोरी ताणली. रोहिणी गुडघ्यावर बसून काट्याच्या खुणेशी डोळा आणून वाचत होती, तिरकं वाचन होऊ नये म्हणून. ऊस निसटला आणि राजश्री एक पाऊल मागे गेली. रोहिणीने आकडा लिहिला. दोन मिनिटं थांबून दुसऱ्यांदा, आणि पुन्हा दोन मिनिटांनी तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी नवनाथच्या कानशिलावरची शीर फुगली होती आणि राजश्री ओठ दाबून ओढत होती. तिने दम खाल्ला नाही.

मुकादमाने डायरी उघडून पेनचं टोपण काढलं. तानाजी कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आला.

“सांगा ताई,” राजश्री म्हणाली.

रोहिणीने रजिस्टरमधून वाचलं.

“डावा हात. पहिल्यांदा साडेचार किलो, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा साडेचार. सरासरी चार पूर्णांक तीन दशांश.”